नास्तिकता, अज्ञेयवाद आणि ईश्वरश्रद्धा : एक संकल्पनात्मक विवेचन

'नास्तिक' या संज्ञेत दोन अर्थांची सरमिसळ झालेली दिसते. परंपरेनुसार वेदप्रामाण्य नाकारणारा तो नास्तिक. म्हणूनच सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारे मीमांसादर्शनही आस्तिक ठरते. आधुनिक अर्थाने ईश्वराचे अस्तित्व नाकारणारा तो नास्तिक होय. अज्ञेयवादी मात्र ईश्वराविषयी निश्चित ज्ञान संभवत नाही, एवढेच म्हणतो. ही संज्ञा टी. एच. हक्स्ले यांनी १८६९ मध्ये प्रथम योजली. महाराष्ट्रात प्रार्थना समाजाचे न्या. रानडे ईश्वरनिष्ठ, 'सुधारक'कार आगरकर अज्ञेयवादी, तर 'समाजस्वास्थ्य'कार र. धों. कर्वे नास्तिक होते, तिघेही समाजसुधारकच. त्यामुळे अज्ञेयवादास नास्तिकता आणि नास्तिकतेस अनीती समजणे तर्कदुष्ट ठरते. हा भेद ज्ञान व श्रद्धा यांविषयीच्या भूमिकेचा आहे, चारित्र्याचा नव्हे.