तिच्या वाट्याला कोणती हालचाल?

बंगळुरूच्या उत्तरेला, विमानतळाच्या रस्त्यावर हेब्बाळ लागतं. मोठं तळं, त्याच्या कडेनं वळणारा उड्डाणपूल आणि अखंड वाहतूक. याच हेब्बाळमध्ये २०१८ साली एक वीरगळ नव्याने उजेडात आला. काळ साधारण इ. स. ७५०, राजा गंग घराण्यातला श्रीपुरुष, आणि लढताना पडलेल्या वीराचं नाव कित्तय्या. बंगळुरू शहरातला सर्वांत जुना कन्नड लेख म्हणून हा दगड ओळखला जातो.

वीरगळ आपल्यालाही परके नाहीत. महाराष्ट्रात गावोगावच्या देवळांबाहेर ते उभे असतात. ते वाचायचे खालून वर. नेहमीची मांडणी अशी: तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, माथ्यावर शिवलिंगाची पूजा. स्त्रिया आहेत, पण त्यांना काम एकच, वीराला वर पोचवायचं. सतीशिळेवर तर बहुधा कोपरात वाकलेला, बांगड्या ल्यालेला हात तेवढा दिसतो.

आता १९८१ सालचा ‘डाँकी काँग’ हा जपानी व्हिडिओ गेम आठवा. पडद्यावर एकावर एक मजले. तळाशी नायक, माथ्यावर गोरिला आणि त्यानं पळवलेली बाई. ही कथाही खालूनच वर चढते! तिला सुरुवातीला धड नावही नव्हतं. पॉलीन हे नाव मागाहून आलं. तिनं हात हलवायचे आणि मदतीची हाक मारायची. दगड कोरणाऱ्याचा आणि गेम रचणाऱ्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नसताना चौकटींची ही उतरंड इतकी जुळावी, याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

व्हिडिओ गेममधल्या स्त्रियांबद्दलची चर्चा बहुतेक वेळा कपडे आणि बांधा यांच्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तो मुद्दा खरा आहे. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातला लढवय्या म्हणजे सॅमस नावाची स्त्री निघते, पण हे कळतं शेवटी, तेही खेळ झटपट संपवला तर. जितकी घाई कराल तितके तिचे कपडे कमी. म्हणजे तिचं शरीर हेच बक्षीस! तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. अख्खा खेळभर उडी तिची, नेम तिचा, वाट शोधणंही तिचंच. चित्रात किंवा सिनेमात आपण बाईकडे पाहतो. खेळात आपण बटण दाबतो आणि ती करते. म्हणून तिला कोणत्या हालचाली दिल्या आहेत, हा मला या विषयाचा गाभा वाटतो.

या हालचाली येतात कुठून? त्रिमितीय खेळातल्या पात्राच्या आत एक अदृश्य सांगाडा असतो. कमरेपासून कणा, कण्यापासून खांदा, खांद्यापासून कोपर, अशी हाडांची साखळी. खांदा फिरवला की पुढचा सगळा हात फिरतो. चालणं, पळणं, लटकणं या क्रिया या हाडांवर नोंदवल्या जातात आणि कातडी, कपडे, केस कळसूत्री बाहुलीसारखे त्यांच्यामागे ओढले जातात. यातली नवलाची गोष्ट अशी की एका सांगाड्यावर नोंदवलेलं चालणं दुसऱ्या सांगाड्याला देता येतं, उंची-रुंदीचा फरक जुळवून घेऊन.

हे माहीत असलं की २०१४ चा वाद लख्ख कळतो. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये खेळाडूला स्त्री पात्र घेता येणार नव्हतं, आणि कारण सांगितलं गेलं की त्यासाठी ॲनिमेशनचं काम दुप्पट होईल. त्यावर जोनाथन कूपर या अनुभवी ॲनिमेटरनं, ज्यानं याच मालिकेच्या आधीच्या भागावर काम केलं होतं, हे एक-दोन दिवसांचं काम असल्याचं जाहीरपणे म्हटलं. आवाज, पोशाख वगैरे धरून तो अंदाज कमीच असेल. पण अडचण हाडांची नव्हती, हे मात्र त्यातून उघड झालं.

स्त्रीला हालचाली देण्याची अडचण कर्नाटकातल्या शिल्पकारांना कधी आलीच नव्हती. १११७ मध्ये प्रतिष्ठापना झालेल्या बेलूरच्या होयसळकालीन चेन्नकेशव मंदिरातल्या मदनिका पाहा. एक आरशात पाहते, एक नाचते, आणि एक चक्क शिकारीला निघाली आहे. त्याच होयसळांचा वारसा शोधत २०१७ च्या ‘अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी’मध्ये क्लोई फ्रेझर ही अर्धी भारतीय नायिका पश्चिम घाट पालथा घालते, आणि तिच्या जोडीलाही एक स्त्रीच असते, नादीन रॉस.

मला सर्वांत जवळची वाटते ती मात्र पुण्याची राजी. नॉडिंग हेड्स गेम्स या पुण्यातल्या छोट्या स्टुडिओचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम २०२० मध्ये आला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा प्रयत्न फसला होता, तरी त्यांनी काम सोडलं नाही. ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्तम खेळासाठी त्याला नामांकन मिळालं. राजी ही खेळ करून पोट भरणारी डोंबाऱ्यासारखी कसरतपटू मुलगी. त्यामुळे भिंतीवरून धावणं, खांबाला गिरकी घेणं, शत्रूच्या डोक्यावरून उडी मारणं हे तिला वरून चिकटवलेलं वाटत नाही; ते तिचं रोजचं कामच आहे. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ दूर आणि उंचावर असतो. राजस्थानी हवेल्यांच्या भव्य चौकांत ती एवढीशी दिसते, चेहरा जेमतेम कळतो. मग तिची ओळख पटते ती हालचालीतूनच. कॅमेरा लांब नेण्याचा हा निर्णय मला तिच्या पोशाखाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

इथे पळवून नेलेला असतो तिचा धाकटा भाऊ गोलू, आणि महाबलासुराच्या तावडीतून त्याला सोडवायला निघते बहीण. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू, अधूनमधून छायाबाहुल्यांच्या खेळातून. पुराणात महिषासुराशी लढायला निघालेल्या देवीला शंकर त्रिशूळ देतो, विष्णू चक्र देतो. आयुधं देवांकडून देवीकडे जातात. पुण्याच्या या गेममध्ये त्रिशूळ देणारी स्वतः दुर्गा आहे, आणि तो हातात घेणारी एक पोरसवदा मुलगी, जिला आधीपासूनच दोरीवर चालता येतं.