शेवळांचा वाटा आणि सोबतची काकडे

युरोपच्या सहलीहून परतलेली आमची स्नेही मंडळी हल्ली तेथील राजवाड्यांपेक्षा खेड्यांचेच कौतुक अधिक सांगतात. दुपारी बंद होणारी दुकाने, दोन-दोन तास चालणारे जेवण, शेजारच्या मळ्यातली भाजी! १९८६ साली रोममध्ये मॅकडोनाल्डच्या उपाहारगृहास विरोध झाला आणि कार्लो पेत्रिनी यांच्या पुढाकाराने इटलीत ‘स्लो फूड’ चळवळ उभी राहिली. १९८९ मध्ये पॅरिस येथे तिचा जाहीरनामा निघाला. गोगलगाय हे तिचे बोधचिन्ह. हे सारे ऐकताना आम्हांस मात्र वाशिंदचे रेल्वे स्थानक आठवत राहते.

मृगाच्या सरी पडून गेल्या की शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवरील ठाकूर व कातकरी भगिनी स्थानकाबाहेर पानांवर वाटे मांडून बसतात. शेवळे, कोवळा टाकळा, भारंगी, कुड्याची फुले; पुढे कंटोळी. म्हणजेच आपले चक्रमर्द, भार्ङ्गी, कुटज आणि कर्कोटकी. भारंगी चूर्णाच्या पुडीबाहेर आपल्यापैकी कितीजणांनी पाहिली आहे? आम्ही स्वतः ती प्रथम ओळखली ती या वाट्यांवरच, आणि तीही विकणारीने सांगितल्यावर. पाने उकडून कडू पाणी टाकायचे व वाल घालून भाजी करायची, हेही तिनेच सांगितले.

शेवळांची गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. सुरणाच्या कुळातील ही भाजी नुसती शिजविली तर घशाला खाज सुटते. म्हणून वाट्यासोबत काकडाची आंबट फळे देतात. (ही काकडे म्हणजे काकडी नव्हे!) “काकडं घेतलीत का? नायतर घसा धरंल,” असे बजावल्याखेरीज ती पैसे घेत नाही. वरचे आवरण व आतील पिवळा भाग काढून, बारीक चिरून, तेलावर परतून काकडांच्या रसात शेवळे शिजवितात. चरकाचार्यांनी विमानस्थानात आहाराच्या आठ आयतनांत करण व संयोग सांगितले. विद्यार्थ्यांना ते शिकविण्यास याहून सोपे उदाहरण आम्हांस सापडलेले नाही.

तरीही इटालियन मित्रांशी आमचा एक मतभेद आहे. आपल्या शास्त्रास अतिशीघ्र भोजन मान्य नाही, तसे अतिविलंबितही नाही. अन्न थंड होते, मात्रा सुटते, पाक विषम होतो. दोन तासांच्या जेवणाचे कौतुक वैद्याने जपूनच करावे.

या परिसराची गती मात्र बदलली आहे. मुंबईची तहान भागविणारी भातसा व तानसा ही धरणे शहापुरातच, आणि येथील पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याचे टँकर. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पाही खुला झाला. माळांवर बंगल्यांचे भूखंड पडत आहेत. गेल्या पावसाळ्यात आमच्या नेहमीच्या बाईंकडे शेवळे होती, काकडे नव्हती. झाड कुंपणात गेले आणि पुढे तोडले गेले, असे त्या म्हणाल्या. “यंदा चिंच घाला, बाबा,” म्हणून त्यांनी चार चिंचा वाट्यावर ठेवल्या. भाजी झाली, घसा मात्र संध्याकाळपर्यंत खवखवत होता.