उंच वस्तू उलथविण्यासाठी लागणारे किमान बल : एक विवेचन

प्रस्तावना : नेवासे येथे पदवी वर्गास स्थितिकी शिकविताना एक चूक वारंवार आढळते. उंच वस्तू उलथविण्यासाठी किमान बल किती, असे विचारले असता बहुतेक विद्यार्थी वरच्या कडेस आडवे बल लावून गणित सोडवितात. हे उत्तर जवळचे असले तरी किमान नव्हे. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा केली आहे.

तत्त्व : उलथताना वस्तू तळाच्या एका कडेभोवती फिरते. या कडेभोवती वजनाचे आघूर्ण म्हणजे वजन गुणिले तळाची निम्मी रुंदी होय. ते ठरलेले असल्याने बल किमान हवे असेल, तर बलरेषेचे कडेपासूनचे लंबांतर कमाल असावे लागते. कडेपासून सर्वांत दूरचा बिंदू कर्णाच्या दुसऱ्या टोकास असतो. म्हणून बल तेथे व कर्णास लंब दिशेने लावावे.

उदाहरण : २.४ मीटर उंच, ०.७ मीटर रुंद व १००० न्यूटन वजनाचे, भार सर्वत्र समान असलेले कपाट घेऊ. वजनाचे आघूर्ण ३५० न्यूटन-मीटर येते. वरच्या कडेस आडवे बल लावल्यास सुमारे १४६ न्यूटन लागतात. कर्ण २.५ मीटर असल्याने किमान बल १४० न्यूटन ठरते. त्याची दिशा आडव्या रेषेच्या वर सुमारे १६ अंश असते. मात्र घर्षणांक किमान ०.१४ हवा, अन्यथा कपाट उलथण्याऐवजी घसरेल. ही तपासणी उत्तरपत्रिकेत बहुधा राहून जाते.

व्यावहारिक महत्त्व : १३ मे २०२४ रोजी मुंबईत घाटकोपर येथे १२० बाय १२० फुटांचा जाहिरात फलक वादळी वाऱ्यात पेट्रोल पंपावर कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. महापालिकेची मर्यादा ४० बाय ४० फुटांची होती. दोन्ही फलक जमिनीपासूनच सुरू होतात व वाऱ्याचा दाब समान आहे असे मानले, तर तिप्पट बाजूमुळे क्षेत्रफळ नऊपट, लंबांतर तिप्पट व उलथविणारे आघूर्ण सत्तावीसपट होते. तेवढे आघूर्ण पायाने पेलावे लागते.

निष्कर्ष : सूत्र सांगण्यापूर्वी वस्तू कोणत्या कडेभोवती फिरेल, लंबांतर किती व ती आधी घसरेल काय, हे तीन प्रश्न वर्गात विचारले जावेत. आज कपाटाचे गणित सोडविणारा विद्यार्थीच उद्या अशा फलकाच्या आराखड्यावर स्वाक्षरी करणार आहे.