समूह चित्रप्रदर्शन म्हणजे नेमके काय? भोकरदनच्या हस्तिदंतापासून आजच्या कॅन्व्हासपर्यंत

एप्रिल जवळ आला की जालना, भोकरदन, अंबड, परतूरकडच्या आपल्या चित्रकार पोरांना उसंत नसते. बाबासाहेबांचे बॅनर, बुद्धांचे पोर्ट्रेट, विहाराची भिंत. जयंती झाली की काम संपते. या पोरांच्या स्वतःच्या मनात काय चित्र आहे, हे विचारायला कुणी येत नाही. ते लोकांसमोर आणायचा एक मार्ग म्हणजे समूह प्रदर्शन.

एकट्याने प्रदर्शन भरवायचे तर वीस-पंचवीस चित्रे लागतात. फ्रेमा, भाडे, वाहतूक वेगळीच. मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ पासून आहे, पण तिथली तारीख मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागते. सहा-आठ जण एकत्र आले की प्रत्येकाची तीन-चार चित्रे पुरतात आणि खर्च वाटला जातो. मात्र केवळ भाडे वाटून घेतले म्हणून समूह होत नाही. १९४७ मध्ये मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे आणि बाकरे यांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला, १९४९ मध्ये एकत्र प्रदर्शन भरवले. सहाही जणांची शैली वेगळी होती. कलाशाळांनी घालून दिलेली ठरावीक चौकट नको, यावर मात्र एकमत होते. यातले आरा हे सिकंदराबादजवळच्या बोलारमचे, म्हणजे जालना ज्या निजामी राज्यात होते त्याच राज्यातले. लहानपणीच मुंबईत आले, घरगडी म्हणून राबले, गाड्या धुतल्या आणि चित्रकार झाले.

‘समकालीन’ या शब्दालाही आपण उगाच बिचकतो. न समजणारे ते समकालीन, असा गैरसमज आहे. नागपूरचे सवी सावरकर पाहा. गळ्यात मडके आणि पाठीला झाडू बांधलेला माणूस त्यांच्या चित्रांत येतो. पेशवाईचा इतिहास आपण भाषणांत शेकडो वेळा ऐकलेला असतो, पण तो माणूस समोर उभा राहिला की गप्प व्हायला होते. प्रभाकर कांबळे यांनी ‘उतरंड’ या शिल्पमालिकेत घरातली मडक्यांची उतरंड घेतली. जातीची उतरंड हा शब्द मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. २०२२ च्या बर्लिन बिएनालेत कांबळे होते, मयुरी चारी होत्या. तेही अनेकांचे मिळून भरलेले प्रदर्शनच!

आता आपल्या जिल्ह्याकडे या. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. १९७० च्या दशकात इथे उत्खनन झाले, त्यात हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या अवशेषांत १९३८ मध्ये मिळालेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. त्याहून मोलाची गोष्ट सांचीच्या दक्षिण तोरणावर आहे. हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केले, असे तिथे लिहिले आहे. एकट्या राजाचे नाही, कारागिरांच्या समूहाचे नाव!

अजिंठ्यात मात्र उलट दिसते. सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव आपल्याला माहीत आहे, सव्विसाव्याचा भिक्खू बुद्धभद्रही. भिंती रंगवणारे हात कुणाचे, ते कुठे लिहिलेले नाही. आपल्या विहारांत तरी वेगळे काय आहे? पंखा देणाऱ्याचे नाव पंख्यावर असते, फरशी देणाऱ्याचे संगमरवरी पाटीवर. समोरची बुद्धमूर्ती रंगवणाऱ्याचे नाव विचारा, समितीतले लोक एकमेकांकडे पाहतात.

म्हणून तरुणांनी विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या सभागृहात प्रदर्शन भरवायचे ठरवले, तर सुरुवात एका विषयापासून करावी. ऊसतोड, पाणी, आजीचे जाते, स्थलांतर, काहीही चालेल. निवड एका जाणत्या माणसावर सोपवावी, नाहीतर ओळखीपाळखीची चित्रे भिंत भरून टाकतात. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण पाच फुटांवर, नजरेच्या रेषेत यावा. दोन चित्रांत मोकळी जागा सोडावी. उद्‌घाटनाची भाषणे अर्ध्या तासात आटोपावीत, हार-तुऱ्यांचे पैसे फ्रेमांना वापरावेत. किंमत लिहायला लाजू नये, रंग फुकट मिळत नाहीत. आणि प्रत्येक चित्राखाली पट्टी हवीच: चित्रकाराचे पूर्ण नाव, गाव, चित्राचे शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष.