पुनर्निर्मित कागद आणि जबाबदार स्रोत : महाविद्यालयीन कागद खरेदीच्या संदर्भात

प्रस्तावना :
उत्तरपत्रिका, प्रयोगवह्या, हजेरीपत्रके, परिपत्रके आणि विविध समित्यांना सादर करावयाचे अहवाल यांमुळे महाविद्यालय हे कागदाचे मोठे ग्राहक ठरते. हा कागद बहुधा शुभ्रता आणि किंमत हे दोनच निकष लावून खरेदी केला जातो. तो कशापासून तयार झाला, हा तिसरा निकषही विचारात घेतल्यास कोणते लाभ होतात, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पुनर्निर्मितीची प्रक्रिया व लाभ :
कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोजच्या तंतूंचे जाळे होय. लाकूड वा बांबूतील हे तंतू लिग्निन या घटकाने एकमेकांस जखडलेले असतात. ते मोकळे करण्यासाठी रसायने, पाणी आणि उष्णता मोठ्या प्रमाणात लागते. रद्दीतील तंतू मात्र आधीच मोकळे झालेले असतात. रद्दी पाण्यात घुसळून टाचण्या, डिंक व प्लास्टिक वेगळे केले जाते आणि आवश्यकतेनुसार हवेच्या बुडबुड्यांच्या साहाय्याने शाई काढली जाते. सर्वसाधारणपणे यात लाकूड, पाणी व ऊर्जा यांची बचत होते. शिवाय, कचराडेपोत कागद कुजून निर्माण होणारा मिथेन वायूही टळतो.

मर्यादा आणि जबाबदार स्रोत :
प्रत्येक पुनर्निर्मितीत तंतू आखूड व दुर्बल होतात. साधारणतः पाच ते सात फेऱ्यांनंतर ते कागदासाठी निरुपयोगी ठरतात. म्हणजेच ताज्या तंतूंची गरज पूर्णपणे संपत नाही; म्हणून ते कोठून येतात, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने कागद उद्योगाने आपला कच्चा माल शक्यतो शेतकऱ्यांच्या सहकार्याने पिकवावा, अशी दिशा दिली. सुबाभूळ, निलगिरी यांची शेतातील लागवड हे त्याचे उदाहरण होय.

स्रोताचा प्रश्न केवळ झाडांचा नाही, तर माणसांचाही आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाला वनहक्क कायद्यान्वये २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती येण्यास मात्र २०११ साल उजाडले. कागदगिरण्यांना लागणाऱ्या बांबूचे उत्पन्न कोणाकडे जाते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

१९९३ मध्ये स्थापन झालेल्या फॉरेस्ट स्टुअर्डशिप कौन्सिलचे प्रमाणचिन्ह अशा स्रोताची पडताळणी दर्शविते. त्याचे ‘शंभर टक्के’, ‘मिक्स’ आणि ‘रिसायकल्ड’ असे तीन प्रकार असून त्यांतील फरक ग्राहकाने समजून घ्यावा.

रद्दी आणि श्रम :
भारतातील कागद उत्पादनाचा मोठा भाग रद्दीवर अवलंबून आहे. तरीही देशात पुरेशी स्वच्छ रद्दी गोळा होत नसल्याने ती आयात करावी लागते. ओल्या कचऱ्यात मिसळलेला कागद गिरणीच्या दृष्टीने वाया जातो. ही हानी कचरावेचकांच्या पदरी पडते, कारण मळलेल्या रद्दीला भाव मिळत नाही. पुण्यात १९९३ मध्ये उभ्या राहिलेल्या त्यांच्या संघटनेचे नावच ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ असे आहे, ही बाब बोलकी आहे.

महाविद्यालयांची भूमिका :
१) प्रत्येक विभागात कोरड्या कागदासाठी स्वतंत्र पेटी ठेवावी.
२) मुदत संपलेल्या उत्तरपत्रिका गोपनीयता राखून पुनर्निर्मितीसाठीच द्याव्यात.
३) दरपत्रके मागविताना पुनर्निर्मित तंतूंचे प्रमाण विचारावे. त्यांपैकी वापरून झालेल्या रद्दीचे किती आणि गिरणीतीलच कात्रणांचे किती, हेही स्पष्ट करून घ्यावे.
४) सूचना, कच्चे मसुदे, पाकिटे व फाइली यांसाठी पुनर्निर्मित कागद वापरावा, कायम जतन करावयाच्या नोंदींसाठी आम्लरहित टिकाऊ कागद निवडावा.
५) कागदाच्या दोन्ही बाजू वापराव्यात, कारण न वापरलेला कागद ही सर्वांत मोठी बचत होय.

समारोप :
रद्दी विकली की कर्तव्य संपले, असा समज सर्वत्र आढळतो. परंतु त्या रद्दीपासून तयार झालेल्या कागदाला मागणी नसेल, तर हे चक्र अपूर्णच राहते. रद्दी स्वच्छ ठेवणे आणि तिच्यापासून तयार झालेला कागद विकत घेणे, ही एकाच जबाबदारीची दोन अंगे आहेत. पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात शिकविणाऱ्या महाविद्यालयांनी तो आपल्या खरेदी समितीच्या इतिवृत्तातही आणणे अगत्याचे आहे.