एक होता विदूषक
तमाशा कलावंताच्या जीवनावरील मराठी संगीतप्रधान चित्रपट (१९९२). दिग्दर्शक जब्बार पटेल, पटकथा-संवाद पु. ल. देशपांडे, गीते ना. धों. महानोर; संगीत आनंद मोडक. तमाशातील नर्तकीचा (मधू कांबीकर) मुलगा (लक्ष्मीकांत बेर्डे) सोंगाड्या म्हणून नावारूपास येतो. पुढे चित्रपटसृष्टीत व तेथून राजकारणात ओढला जातो. सोंगाड्याने सत्ताधाऱ्यांची थट्टा करावी, हा तमाशाचा संकेत; येथे तोच हजरजबाबीपणा सत्तेच्या दिमतीस लागतो. अखेर, हसू हरवलेल्या स्वतःच्या मुलीला हसविणे हेच त्याच्यापुढील सर्वांत अवघड काम ठरते. यातील लावण्या केवळ रंजनार्थ येत नाहीत. त्या कथेचाच भाग होतात. विनोदी नट म्हणून लोकप्रिय असलेल्या बेर्डे यांची ही गंभीर भूमिका तत्कालीन प्रेक्षकांस फारशी रुचली नाही. त्यांच्या अभिनयाचे सामर्थ्य मात्र येथेच प्रकटले. सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा तसेच नृत्यदिग्दर्शनाचा (लक्ष्मीबाई कोल्हापूरकर) राष्ट्रीय पुरस्कार.