सरहद्दीवरचा न्याय, अमरेलीची घडण

समा या गावासारखी गावे गायकवाडांच्या राजधानीला, बडोद्याला, लागून होती. राजधानी वाढली तशी तीही शहरात सामावली. काठेवाडातल्या अमरेलीला असा आधार नव्हता. दमाजी गायकवाडांनी १७४२-४३च्या सुमारास तिथे लष्करी तळ टाकला, पण छावणी म्हणजे शहर नव्हे. ते स्थित्यंतर ज्यांच्या काळात घडले, ते एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीचे गायकवाडांचे सरसुभेदार विठ्ठलराव देवाजी. खंडणी, फौज आणि तंट्यांचा निवाडा ही तिन्ही कामे सरसुभेदाराकडेच असत. १८०७ मध्ये ब्रिटिश अधिकारी कर्नल वॉकर यांच्या मध्यस्थीने काठेवाडी संस्थानिकांच्या खंडणीची रक्कम ठरली आणि मुलुखगिरीची, म्हणजे दरवर्षी फौजेनिशी होणाऱ्या वसुलीची, अनिश्चितता संपली. भांडण ऐकून घेणारा अधिकारी एका जागी सापडू लागला की व्यापारी आणि कुणबी तिथे स्थिरावतात. अमरेलीतले नागनाथाचे मंदिर त्याच काळाची खूण आहे.

यावर दोन आक्षेप येतात. अमरेली आधीपासून होतीच, मग विठ्ठलराव संस्थापक कसे? पहिले घर त्यांनी बांधले नाही हे खरे. पण वस्तीला प्रांताचे ठाणे बनवणे हीसुद्धा स्थापनाच आहे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: वसुली करणाराच निवाडा करत असेल, तर त्याला न्याय म्हणावे का? आजच्या कसोटीवर नाही. बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे यांनी पुढे न्यायखाते कारभारापासून वेगळे केले, ते याच दोषामुळे आवश्यक होते. तरीही ब्रिटिशांशी झालेल्या १८२० च्या करारानंतर काठेवाडातली गायकवाडांची सत्ता आक्रसली, तेव्हाही अमरेली प्रांताचे ठाणे म्हणून टिकली. केवळ धाकावर उभी राहिलेली वस्ती अशी टिकत नाही.